परदेशी फोन आणि मधला नाका

मुलगी टोरांटोत शिकायला, मेहुणा दुबईत नोकरीला, भाचा जहाजावर आणि आत्या अजून लँडलाइनवर. अशी घरं महाराष्ट्रात आणि गोव्यात आता गल्लोगल्ली सापडतील. त्यातल्या कुणालाही विचारा, परदेशी फोन स्वस्तात कसा करायचा? उत्तर ठरलेलं असतं: "व्हॉट्सॲप कर की!" उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. दुबईत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही. आत्याकडे स्मार्टफोन नाही. जहाजावर नेट मोजून मिळतं. आणि टोरांटोच्या विद्यापीठातल्या फीच्या खिडकीला काही व्हॉट्सॲप नसतं. खर्च होतो तो या उरलेल्या अर्ध्यात, आणि वाचवायचा असेल तर लक्षही तिथेच द्यायला हवं.

त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचं सोपं जातं. ॲपवरून ॲपवर केलेला फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंटरनेटवरूनच जातो. तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि ते ईमेल किंवा व्हिडिओसारखे डेटा म्हणून धावतात. पुण्याहून बारामतीला जावोत की बोस्टनला, तुम्ही भरलेल्या नेटच्या पैशांपलीकडे खर्च नाही. पण तुम्ही ॲपवरून एखाद्या नंबरावर फोन केलात, तर त्या आवाजाला कुठेतरी इंटरनेट सोडून टेलिफोन कंपनीच्या जाळ्यात उतरावं लागतं. तिथे टोलनाका आहे. समोरच्या ग्राहकापर्यंत फोन पोचवून देण्याचे पैसे तिकडची कंपनी घेते. ते ॲपवाला भरतो आणि वर आपला नफा लावून तुमच्याकडून वसूल करतो.

म्हणून 'कुठलं ॲप चांगलं' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की आपल्या फोनला नाका ओलांडावा लागणार आहे का, आणि तो टाळता येईल का?

हा नाका एके काळी फार जबर होता. परदेशी फोनांची मक्तेदारी विदेश संचार निगम लिमिटेडकडे होती आणि अमेरिकेला बोलायचं तर मिनिटाला चाळीस रुपयांच्या वर मोजावे लागत. पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये मीटरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. १ एप्रिल २००२ रोजी ती मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून फोन करायला भारतात मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकावर बोला, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, पण भारतातल्या भारतात संगणकावरून फोनवर नको, अशी ती मर्यादा होती. त्याची सावली पुढे बरीच वर्षं राहिली. स्काइपने नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातून भारतातल्या नंबरांवर फोन करण्याची सोय बंद केली. परदेशी नंबरांवरचे फोन मात्र चालू ठेवले.

स्काइपचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. २००३ साली आलेलं आणि एका अख्ख्या पिढीला परदेशातल्या मुलांची तोंडं दाखवणारं हे ॲप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. मायक्रोसॉफ्टने लोकांना टीम्सकडे वळवलं. घरच्या जुन्या संगणकावर ते निळं चिन्ह अजून असेल तर काढून टाका, आणि त्यावरून फोन करायला शिकवणारी जुनी कात्रणंही.

आता नाका न ओलांडणारे फोन. इथे पैसे वाचवण्यासारखं फार उरलेलं नाही, कारण खर्चच नगण्य आहे. आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी डेटा लागतो, म्हणजे तासाभराच्या गप्पांना तीस ते साठ एमबी. व्हिडिओ कॉलला साधारण मिनिटाला पाच एमबी धरा, तासाला तीनशेच्या आसपास. चित्र जितकं स्वच्छ तितका आकडा वाढतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या पॅकमध्ये नातवाला तासभर बघूनही बराच डेटा शिल्लक राहतो. तो संपतो अंगठ्याने वर सरकवत बघितलेल्या रील्समध्ये, आणि आळ मात्र परदेशी फोनवर येतो. तरीही डेटा तुटपुंजा असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या भागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचं बटण आहे, ते चालू करा.

खरी बचत दुसरीकडे आहे, आणि ती बऱ्याच ज्येष्ठांच्या ध्यानात आलेली नाही. घरी ब्रॉडबँडचं वाय-फाय आहे, आजी-आजोबा बहुतेक वेळ घरातच असतात आणि तरी दोघांच्या मोबाइलवर रोजच्या डेटाचा महागडा पॅक दर महिन्याला भरला जातो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस एवढीच सोय असलेल्या योजना देणं बंधनकारक केलं. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी त्या आणल्या, पण त्यांची जाहिरात काही त्या हौसेने करत नाहीत. कंपनीच्या ॲपमध्ये खाली जाऊन शोधावं लागतं. तशी योजना घेतली तरी घरच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप पूर्वीसारखंच चालतं, ओटीपीचे एसएमएस येतात, साधे फोनही होतात. देवळात किंवा बागेत गेल्यावर नेट नसेल, एवढंच. ज्यांना रिक्षा ॲपवरून बोलवायची असते किंवा दुकानात फोनवरून पैसे द्यायचे असतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

ॲपच्या निवडीबद्दल माझं मत सरळ आहे. एक रोजचं ठेवा, एक अडीअडचणीचं. रोजचं म्हणून व्हॉट्सॲप बहुतेकांकडे असतंच. पण सगळं घर त्या एका खुंटीला टांगू नका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ते जगभर काही तास बंद पडलं होतं आणि त्या रात्री अनेक घरांत 'तिकडे काही झालं तर नाही ना' अशी घालमेल झाली. अडीअडचणीला सिग्नल ठेवा किंवा गुगल मीट. दोन्ही फुकट आहेत. मुलांकडे आयफोन असेल आणि तुमच्याकडे अँड्रॉइड, तर २०२१ पासून फेसटाइमची लिंक पाठवता येते आणि ती तुमच्या ब्राउझरमध्ये उघडते. झूमवर फुकटात चाळीस मिनिटंच मिळतात, गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली तर साठ. मुंजीचं किंवा बारशाचं चित्र परदेशातल्यांना दाखवायचं असेल तर हा हिशेब आधीच करा. भटजी घड्याळ बघून मंत्र म्हणत नाहीत.

आवाज तुटतो, मागे-पुढे होतो, आपलाच आपल्याला ऐकू येतो, या तक्रारींवर लोक नवं ॲप घेतात किंवा महागडं नेट. त्याआधी दोन गोष्टी करून बघा. फोन घेऊन राउटरच्या खोलीत बसा, आणि स्पीकर बंद करून वायरचा हेडफोन लावा. एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलताना सहसा जाणवत नाही, आणि चांगल्या जोडणीवर मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंतचा प्रवास त्यात बसू शकतो. त्यापुढची बहुतेक रड घराच्या भिंतींची आणि राउटरची असते. क्वचित ती खरोखरच दूरची निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात तळाच्या केबल तुटल्या आणि आखात, दक्षिण आशिया सगळीकडे नेट मंदावलं. अशा दिवसांत व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवायचा.

आता नाका ओलांडणारे फोन. आधी परदेशातून भारतातल्या नंबरावर येणारे, कारण आत्या अजून लँडलाइनवर आहे.

भारतात बाहेरून येणारा फोन पोचवण्याचे पैसे इथल्या कंपनीने किती घ्यावेत, ते ट्राय ठरवतं. २०२० साली ट्रायने ते मिनिटाला ३५ ते ६५ पैसे या पट्ट्यात बसवले. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे दोनदा उपयोगी पडेल. अमेरिकेत असलेल्या मुलाला गुगल व्हॉइसवरून भारतात मिनिटाला एक सेंटच्या आसपास बोलता येतं. एक सेंट म्हणजे साधारण ८५-९० पैसे. नाक्याचे पैसे वजा करता कंपनीला फार काही उरत नाही, म्हणजे हा भाव रास्त आहे आणि याहून फार खाली कुणी जाऊ शकणार नाही. गुगल व्हॉइससाठी अमेरिकेतला नंबर लागतो, म्हणून तिथे शिकायला गेलेल्यांनी तिथलं सिम मिळताच ते चालू करून घ्यावं. अमेरिकेतल्या अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक फोन त्यावर फुकट होतात, तो वरचा फायदा. इतर देशांत रेबटेल, व्हायबर आउट यांसारख्या सेवा आहेत. त्यांपैकी काही महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन भारतात हवं तेवढं बोलू देणाऱ्या योजना विकतात.

या 'हवं तेवढं'ची आणि एकूणच क्रेडिट विकत घेण्याची बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्याला नाही. ज्यांनी अमेरिकेतल्या इंडियन ग्रोसरीच्या गल्ल्यावरून कॉलिंग कार्डं घेतली आहेत, त्यांना तो धडा मिळालेला आहे. कार्डावर छापलेली मिनिटं आणि प्रत्यक्ष बोलायला मिळालेली मिनिटं यांचा मेळ क्वचित बसे. कधी फोन जोडण्याचा आकार कापला जाई, कधी आठवड्याला 'देखभाल' म्हणून काही जाई. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा काही कार्ड कंपन्यांवर २००८ साली कारवाई केली ती याच कारणासाठी. कार्डं गेली, पण त्या क्लृप्त्या ॲपमध्ये राहायला आल्या. म्हणून पैसे भरण्याआधी चार-पाच गोष्टी बघाच. एक मिनिट तीन सेकंद बोललं तर एक मिनिट मोजतात की दोन? फोन लागताच काही आकार पडतो का? न वापरलेलं क्रेडिट किती महिन्यांनी बुडतं? शिल्लक कमी झाली की कार्डावरून आपोआप पैसे उचलण्याचं बटण आधीच चालू करून ठेवलेलं आहे का? (बऱ्याचदा असतं.) आणि 'अमर्याद'ला खाली कुठेतरी महिन्याची मर्यादा घातलेली आहे का?

साध्या बटणांच्या फोनवरून आईला मुलाशी बोलायचं असेल तेव्हा सगळ्यात स्वस्त साधन आपलं जुनंच आहे, मिस्ड कॉल. तिच्या सिमवर आयएसडी चालू करून घ्या, थोडी शिल्लक ठेवा, मुलाचा नंबर अधिक चिन्हासकट साठवून द्या. ती एक रिंग देऊन फोन ठेवेल आणि मुलगा त्याच्या स्वस्त ॲपवरून परत करील. उचलला नाही तर पैसे पडत नाहीत. अट एवढीच, की मुलाने घाईघाईत तो उचलायचा नाही.

उलट दिशेचा फोन, म्हणजे भारतातून परदेशातल्या नंबरावर, हल्ली बहुतेक वेळा माणसाला नसतो. कार्यालयाला असतो. विद्यापीठ, वकिलात, बँक, विमान कंपनी, तिकडच्या घराचा मालक. इथे खर्च वाढतो तो होल्डवर. संगीत वाजत राहतं आणि मीटरही. आधी त्या संस्थेच्या साइटवर चॅट किंवा 'आम्हीच तुम्हाला फोन करू' अशी सोय आहे का, ते बघा. परदेशी बँकेचं कार्ड असेल तर त्याच्या मागे देशाबाहेरून करायचा वेगळा नंबर बहुधा छापलेला असतो. अनेक अमेरिकी बँका त्या नंबरावर फोनचा खर्च स्वतः उचलतात. हे काहीच जमत नसेल आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादाच फोन असेल, तर आपल्या मोबाइल कंपनीचा आयएसडी पॅक घ्या. ॲपमध्ये क्रेडिट भरून ते वर्षभर सांभाळत बसण्यापेक्षा बरं. पॅक घेताना त्या देशाचं नाव यादीत आहे का, आणि लँडलाइनचा व मोबाइलचा भाव वेगळा आहे का, ते तपासा. अमेरिकेत मोबाइल नंबर आणि लँडलाइन नंबर दिसायला सारखेच, भावही सारखाच. ब्रिटनमध्ये मात्र शून्य-सातने सुरू होणारे मोबाइल नंबर अनेक सेवांत महाग पडतात. भाचीचा मोबाइल आणि तिच्या कॉलेजची लँडलाइन यांना एकच भाव असेल असं धरून चालू नका.

ज्यांची माणसं आखातात आहेत त्यांच्यासाठी सगळा हिशेबच वेगळा आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश, फोटो, आवाजी निरोप सगळं चालतं, पण कॉल अडवलेला आहे. फेसटाइमचंही तेच. रिंग वाजते, उचललाही जातो, आणि पुढे नुसतं 'कनेक्टिंग'. नव्याने गेलेल्या मुलाच्या आईवडिलांचे पहिले दोन-तीन दिवस 'नेट खराब असेल' असं म्हणण्यात जातात. नेट ठीक असतं. तिथल्या दूरसंचार नियामकाने ठरावीक ॲपनाच परवानगी दिली आहे. बॉटिम, झूम, टीम्स, गुगल मीट ही त्यांत आहेत. इथे एक गोष्ट सुटते. परवानगीचं ॲप दोन्ही टोकांना लागतं. दुबईतल्या मुलाने बॉटिम घेऊन उपयोग नाही, सांगलीतल्या आईच्या फोनवरही ते हवं. मुलगा विमानात बसण्याआधीच तिच्या फोनवर घालून द्या, दोन कॉल करून बघा. माझा कल गुगल मीटकडे आहे, कारण अँड्रॉइड फोनवर ते बहुधा आधीच असतं आणि आईला नवं काही शिकावं लागत नाही.

'व्हीपीएन टाक, सगळं चालतं' असा सल्ला आखातात खोलीतला प्रत्येक दुसरा माणूस देतो. अमिरातीच्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास कैद, ५ लाख ते २० लाख दिरहम दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नुसत्या फोनसाठी कुणाला काय झालं, या ऐकीव गोष्टींवर नोकरीचा व्हिसा लावण्यात शहाणपण नाही, विशेषतः परवानगीचं ॲप फुकट मिळत असताना. सौदी अरेबियाने २०१७ साली इंटरनेट कॉलवरची बंदी उठवण्याची घोषणा केली. तरी तिथे कोणतं ॲप चालतं ते जाण्याआधी तिथल्याच एखाद्या ओळखीच्याला विचारा. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला किंवा रशियाला गेलेल्या मुलांच्या घरांनीही हे लक्षात घ्यावं. चीनमध्ये व्हॉट्सॲप अडवलेलं आहे आणि तिथलं वुईचॅट भारताने जून २०२० मध्ये बंद केलं, म्हणजे दोन्हीकडे चालणारं टीम्ससारखं काहीतरी आधी ठरवून ठेवावं लागतं. रशियाने ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर बंधनं घातली.

जहाजावरच्या माणसांची गोष्ट याहून निराळी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथली आणि गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात ती मंडळी सहा-सहा, नऊ-नऊ महिने पाण्यावर असतात. आता बऱ्याच जहाजांवर उपग्रहाचं नेट आहे. खलाशांच्या हक्कांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात, २००६च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये, २०२२ साली सुधारणा झाली आणि ती डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. जहाजावर शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यावी आणि पैसे घेतलेच तर ते माफक असावेत, असं त्यात म्हटलं आहे. नोकरीच्या करारावर सही करताना एजंटला हे विचारा. महिन्याला किती डेटा, त्यापुढे काय भाव, व्हॉट्सॲप कॉल उघडे आहेत की नुसते संदेश?

डेटा मोजून मिळत असेल तर घरच्यांनी काही पथ्यं पाळायची. रोज सकाळी फुलांचे फोटो आणि देवांचे व्हिडिओ जहाजावरच्या माणसाला पाठवू नका. त्याने आपोआप डाउनलोड बंद करून ठेवलं नसेल तर गणपतीच्या एका आरतीत त्याचं अख्ख्या दिवसाचं बोलणं बुडतं. आवाजी निरोप पाठवा, तो थोडक्यात मावतो आणि नेट येईल तेव्हा पोचतो. जुन्या पद्धतीच्या उपग्रहावर फोन जोडला असेल तर आवाजाला जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परत यावं लागतं. तुम्ही बोलून थांबल्यावर त्याचं उत्तर यायला अर्धा सेकंद तरी जातो. त्या फटीत आपण पुन्हा 'हॅलो, हॅलो' करतो आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. पूर्ण वाक्य बोलावं आणि थांबावं. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवर असतात, त्यांवर हा त्रास नाही.

आणखी एक, आणि हे क्रूझवर सहलीला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही लागू आहे. मोठ्या प्रवासी जहाजांवर आणि काही विमानांत स्वतःचं मोबाइल जाळं असतं आणि किनारा सुटला की तुमचा फोन गुपचूप त्याला चिकटतो. त्याचा रोमिंगचा भाव जमिनीवरच्या कुठल्याही देशापेक्षा भयंकर असतो. जहाजात चढताच विमान मोड लावा आणि मग फक्त वाय-फाय चालू करा.

मुलांकडे महिनोन्‌महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत एक चूक ठरल्यासारखी होते. तिथलं सिम फोनमध्ये घातलं की व्हॉट्सॲप विचारतं, नंबर बदलायचा का? नाही म्हणा. व्हॉट्सॲप भारतातल्या नंबरावरच राहू द्या, ते तिथल्या सिमच्या नेटवर व्यवस्थित चालतं आणि सोसायटीच्या ग्रुपपासून भिशीपर्यंत कुणाला काही कळवावं लागत नाही. भारतातलं सिम कमीत कमी रिचार्जवर जिवंत ठेवा, बँकेच्या ओटीपीसाठी. बहुतेक योजनांत परदेशात एसएमएस येण्याचे पैसे पडत नाहीत, तरी निघण्याआधी कंपनीला विचारून घ्या. डेटा रोमिंग मात्र विमानतळावरच बंद करा. आणि त्या सिमवर येणारे फोन उचलू नका. तुम्ही न्यू जर्सीत असताना कुणी पुण्याहून विमा विकायला फोन केला आणि तुम्ही 'हॅलो' म्हणालात, तर रोमिंगचं बिल तुमच्या नावावर.

पैसे वाचवायच्या नादात पैसे जातात ती वाट आता. मघाचा ३५ ते ६५ पैशांचा आकडा आठवा. कुणी परदेशातून भारतात त्याहूनही स्वस्त बोलायला देत असेल, आणि मुलाचा फोन आल्यावर तुमच्या पडद्यावर त्याचा परदेशी नंबर न दिसता कुठलातरी भारतातला नंबर दिसत असेल, तर तो फोन नाका चुकवून आलेला आहे. एखाद्या खोलीत शेकडो सिमं लावलेली यंत्रं ठेवून परदेशी फोन स्थानिक म्हणून आत सोडणारी बेकायदा एक्स्चेंजं पोलीस वेळोवेळी पकडतात. त्यात सरकारचा महसूल बुडतो हे झालंच, पण कोण कुठून बोलतंय याचा मागच उरत नाही, आणि फसवणूक करणाऱ्यांना तेच हवं असतं. मुलाला ती सेवा सोडायला सांगा. असे फोन दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर कळवता येतात.

अनोळखी परदेशी नंबरावरून एक रिंग येऊन फोन बंद झाला तर परत करू नका, तो महागड्या नंबरावर तुम्हाला खेचण्याचा सापळा असू शकतो. मे २०२३ मध्ये व्हिएतनाम, इंडोनेशिया, इथिओपिया इथल्या नंबरांवरून भारतात व्हॉट्सॲप कॉलचा पाऊस पडला. पुढच्याच महिन्यात व्हॉट्सॲपने अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय दिली. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स असं जाऊन ती चालू करा. वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर करूनच द्या. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'तुमच्या मुलाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अटकेत आहात' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

वेळेचा हिशेब करायचा तर अमेरिका आणि युरोप मार्चमध्ये घड्याळ पुढे करतात आणि शरदात मागे, पण एकाच रविवारी नाही. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. लंडन साडेचार आणि साडेपाच. कॅलिफोर्नियाला तुमच्या सकाळी आठला बोलाल तर तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, दोघांनाही सोयीची.

आणि परदेशातल्या मुलांसाठी एक. कितीही ॲप असली तरी न्यू जर्सीतून पुण्याची १०८ रुग्णवाहिका लागत नाही. तिथून १०८ किंवा ११२ फिरवून इथलं कुणी उचलणार नाही, आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून तर आणीबाणीचा नंबर लावताच येत नाही. रात्री आईचा फोन लागत नसेल तर तुम्हाला साधा, पूर्ण नंबर लागेल. शेजारच्या काकूंचा, सोसायटीच्या वॉचमनचा, घराजवळच्या दवाखान्याचा, पोलीस ठाण्याच्या लँडलाइनचा. लँडलाइनचा नंबर लिहिताना ९१ नंतर शहराचा कोड सुरुवातीच्या शून्याशिवाय लिहायचा. पुण्याला २०, मुंबईला २२. हे चार-पाच नंबर फोनमध्ये ठेवा आणि एकदा दिवसाउजेडी लावून बघा. काकू झोपलेल्या असतील आणि व्हॉट्सॲप बंद, तरी त्यांचा फोन वाजवता आला पाहिजे, म्हणून नाका ओलांडणाऱ्या कुठल्याही एका सेवेत पाच डॉलर भरून ठेवा आणि ते बुडण्याची तारीख कॅलेंडरात लिहा.